अप्पांनी सुचवलेली तबकडी

"पुन्हा हीच?" हेरेकरांनी विचारलं.

अप्पा नेसरीकरांनी मान हलवली.

"अप्पा, ही तुम्ही मला मागेही दिली होतीत."

"दिली होती."

"त्याच्याही आधी दिली होतीत."

"असेल... आठवण चांगली आहे तुझी."

हेरेकरांनी ओठ आवळले. बाकीची मंडळी उठून गेली होती. आज बोलायचंच, असं ठरवून ते एकटे मागे थांबले होते.

बेळगावच्या कॅम्पात अप्पांचं बैठं घर. दर रविवारी सकाळी तिथे ग्रामोफोनच्या तबकड्यांचे शौकीन जमत. ज्याने त्याने आपल्याकडची एखादी आणावी, सगळ्यांनी मिळून ऐकावी. ख्याल असो, युरोपातल्या जुन्या बरोक काळातलं व्हायोलिन असो, नाहीतर वाजवता वाजवता सुचत गेलेलं जॅझ असो, बसायला चटई एकच. आणि उठताना कधीतरी अप्पा एखाद्याकडे बघून म्हणत, "तू हे ऐक." मग आपल्या कपाटातून एक तबकडी काढून त्याच्या हातात देत.

तिथला रिवाज एकच. अमुक तबकडी द्या, असं कुणी मागायचं नाही. अप्पा सुचवतील ती न्यायची.

हेरेकर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. हा रिवाज ते पाळत, पण मनात एकच तबकडी धरून. गायिका चंद्राबाई हुक्केरीकरांच्या खासगी बैठकीची. बाईंनी ठरलेला राग मध्येच सोडून भलताच धरला होता, साथीदारांची त्रेधा उडाली होती, आणि कुणा शौकिनाने तेवढा तुकडा घरच्या यंत्रावर कोरून घेतला होता. त्याची दुसरी प्रत नाही. ती एकुलती तबकडी अप्पांच्या कपाटात आहे, हे सगळ्या कॅम्पाला ठाऊक होतं.

चंद्राबाईंची वाट बघणाऱ्या हेरेकरांच्या हातात दर वेळी पडत होती ही हार्पसिकॉर्डची तबकडी. पियानोच्या आधीचं ते तारांचं वाद्य. वाजवणाराही फार नावाजलेला नव्हे.

"ऐकलीस?" अप्पांनी विचारलं.

"ऐकली की."

"काय ऐकलंस?"

हेरेकर सरसावून बसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा. "वाद्य आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली लावलंय. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच कुणीतरी खुर्ची सरकवतं. छपाई पहिल्या खेपेची, नंतरच्या खेपेत लेबलाचा रंग बदलला. आणि वादकाचा डावा हात उजव्याच्या मानाने कच्चा आहे."

"आणि?"

"आणि काय?"

अप्पा नुसते बघत राहिले. त्या बघण्याने हेरेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अप्पा, स्पष्ट बोलू?"

"बोल की."

"मला तुमचा संशय येतो."

अप्पांनी चहाचा कप बाजूला सारला. "कसला?"

संशय काही आजचा नव्हता. कपाटाचं दार अप्पा कधी पुरतं उघडत नसत. दारात आडवे उभे राहून, हात आत घालून तबकडी काढत. सुलूताई बेनके, म्हणजे लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, चंद्राबाईंचा विषय निघाला की चटकन पदर सावरून चहा करायला आत जात. आणि एकदा एक मुंबईकर व्यापारी अप्पांच्या फाटकातून बाहेर पडताना हेरेकरांनी पाहिला होता. हात रिकामे होते त्याचे. पण रिकाम्या हातांवर विश्वास ठेवायला हेरेकर काही दूधखुळे नव्हते.

"चांगला माल तुम्ही माझ्यापासून लपवता," हेरेकर म्हणाले. "लपवत नसाल, तर विकता. विकतही नसाल, तर... तर तुम्हाला विसर पडायला लागलाय, आणि कुणीतरी त्याचा फायदा घेतंय."

"तिन्ही एकदम?"

"थट्टा नको, अप्पा. मी नेलेली प्रत्येक तबकडी पुढच्या रविवारी परत आणली. शुद्ध पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने टिपून, वर नवं पाकीट चढवून. दुसरं कोण करतं असं? सांगा ना!"

"कोणीच नाही."

"मग माझ्यावरच अविश्वास का?"

खरी गोष्ट हीच होती. चंद्राबाई मिळोत न मिळोत, अप्पांनी आपल्याला जाणता कान म्हणून मानलेलं नाही, हे त्यांना खात होतं. आज उत्तर मिळालं नाही तर या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं ठरवूनच ते आले होते.

अप्पांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि चटईवर ठेवली.

"उघड."

हेरेकर चपापले. "मी?"

"संशय तुझा आहे."

कपाट उघडलं. आत पाकिटं उभी रचलेली, एकाला एक खेटून. हेरेकरांनी पहिलं पाकीट ओढलं. हाताला काही वजनच लागलं नाही. रिकामं. दुसरं ओढलं, तेही रिकामं. मग ते भराभर ओढतच सुटले.

तळाशी चंद्राबाईंचं नाव शाईने लिहिलेलं पाकीट सापडलं. त्यात बोटं घातली तर ती पाकिटाच्या मधल्या गोल छिद्रातून बाहेर आली.

"चोरी झालीय, अप्पा!"

"नाही."

"म्हणजे विकल्यात!"

"नाही रे बाबा."

"मग गेल्या कुठे?"

"सुचवल्या."

"सुचवल्या म्हणजे ऐकायला दिल्या. परत कुठायत?"

"आल्या नाहीत."

हेरेकर कपाटापुढे तसेच उकिडवे बसले. सगळं गाव लुटून नेतंय आणि घरधनी चहा पितोय, अशातला प्रकार.

"चंद्राबाई कुणाकडे आहेत?"

"सुलूकडे."

"कधीपासून?"

"तिचे यजमान गेले तेव्हापासून."

"आणि तुम्ही मागितली नाहीत?"

"गेलो होतो एकदा मागायला. दारातच ऐकू आली... तसाच माघारी फिरलो."

"अहो, रोज लावली तर सुईने झिजेल ती!"

"झिजलीय की. हल्ली बाई कमी आणि खरखरच जास्त ऐकू येते, असं सुलूच सांगत होती."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

"वाटतं," ते म्हणाले. "माझी फार लाडकी होती ती."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली.

"मला का नाही सांगितलं कुणी?" हेरेकरांनी हळूच विचारलं.

"तू वसुलीला गेला असतास."

हे मात्र खोटं म्हणता येईना. पुढच्याच संध्याकाळी ते सुलूताईंच्या दारात उभे राहिले असते, आणि वर नवं पाकीटही घेऊन गेले असते.

हेरेकरांनी हातातल्या हार्पसिकॉर्डकडे पाहिलं. कपाटात तबकडी अशी उरली होती ती एवढीच. बाकीच्या ज्यांच्या त्यांच्या घरी, हाताळून हाताळून बोटांचे ठसे उमटलेल्या, चरे पडलेल्या, कुणाला तरी सोडवेनाशा झालेल्या. आणि ही तेवढी धुतल्या तांदळासारखी. त्यांना शरम वाटली. शरमेपाठोपाठ कान गरम झाले, आणि मग एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्गात एखादं अवघड गणित सुटल्यावर पडायचा तसा.

अस्सं! गोम इथे होती तर. इतक्या साध्या परीक्षेत आपण दर खेपेला नापास होत होतो, केवळ कुणी नियम सांगितला नाही म्हणून.

ते उठले. पाकिटं जागच्या जागी लावली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली अप्पांपुढे ठेवली. मग तबकडी छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि वळले. चेहरा कसा प्रसन्न झाला होता.

"आलं लक्षात, अप्पा. उशिरा आलं, पण आलं."

"काय आलं?"

"या खेपेला मी ही परत आणणार नाही. शब्द देतो तुम्हाला."

अप्पा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. चालत दारापर्यंत आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"मग आत्ताच दे इकडे."