काळ्या रंगातली परीक्षा

धरणाचा तलाव नवा होता, तेव्हाची गोष्ट. काठावरच्या शेडमध्ये वॉटर स्कीच्या, म्हणजे पायात घालून बोटीमागे पाण्यावर घसरायच्या फळ्यांच्या, दोन जोड्या राहत. जुनीचा रंग उन्हापाण्याने उडाला होता, नवी आरशासारखी चकाकत होती.

"आजी, उद्या परीक्षा," नवी हसली. "हरलीस तर तुझं बाकडं होणार. मालक सुताराला सांगून आलाय."

जुनी घाबरली. बाकड्याला पाणी लांबूनच बघावं लागतं.

सकाळी मालकाची लेक रेवती म्हणाली, "बाबा, रंग बघूनच माझं मत होईल. आधी दोन्ही झाका."

मालकाने दोन्ही जोड्यांना वरून सारखाच काळा रंग फासला. तो वाळल्यावर बोट धावली, दोर ताणला. पाणी अंगाला लागलं आणि जुनी सगळी भीती विसरली. लाटेवर ती अलगद झुकली.

दोन्ही जोड्यांवर फिरून आल्यावर रेवती ओरडली, "सारख्याच पळतात, बाबा! सुताराला नको म्हणून सांगा!"

शेडमध्ये नवीने बोटीच्या दोराला विचारलं, "काका, खरं सांगा, ओढायला जड कोण होतं?"

"मला रंग दिसत नाही, पोरी. ओढ तेवढी कळते. ती सारखीच होती."

नवी जुनीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "आजी, त्या लाटेवर कशी गं झुकलीस?"

जुनीचं अंग अजून ओलं होतं. "ये, अशी जवळ ये," ती म्हणाली.