टांगलेल्या नळाचा जोड

माळावरच्या एका गावात कापसाची गिरणी होती. कापूस म्हणजे आगीला आवतणच. म्हणून मालक धनपाल अण्णांनी आग विझवायच्या पाण्याचा जाड नळ छताला टांगून घेतला. काम इलाही मिस्त्रीचं.

नळाचे तुकडे लोखंडी जोडांनी आवळले होते आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना टांगणीच्या सळया होत्या. पण एका ठिकाणी सळया नव्या यंत्राच्या आड आल्या. अण्णांनी त्या कापून टाकल्या. जोड मधेच लोंबत राहिला. नेमक्या त्याच्याखाली बायका कापूस निवडायला बसणार होत्या, काही तर लेकरं मांडीवर घेऊन.

दसऱ्याला गिरणी सुरू व्हायची होती. खंडेनवमीला मिस्त्रीनं पाने-हातोडे पुजले आणि नळाला पाणी सोडायचं चाक काढून पिशवीत घातलं.

"सळया लावा, मग चाक देतो."

अण्णा हसले. "अरे, टांगण्याआधी याच जोडानं जमिनीवर दुप्पट दाब सोसला. थेंब गळला नाही!"

"निजलेल्याच्या कमरेची ताकद कळते व्हय, अण्णा? तिथं भार भुईनं घेतला होता. वर तो जोडावर येणार."

"उद्या मुहूर्त आहे. चाक दे, नाहीतर चालता हो."

"चालता होतो. चाक नाही देत."

सकाळी मिस्त्री फाटकात उभा राहिला आणि आलेल्या बायकांना त्यानं सगळं सांगितलं. कडेवर पोर घेतलेली हौसाक्का पुढं झाली. "अण्णा, एवढा भरवसा हाय तर तुमची खुर्ची मांडा त्या जोडाखाली. आम्ही वर तोरण बांधतो!"

एकीनंही उंबरा ओलांडला नाही.

"दाखवतोच तुम्हाला!" अण्णा कडाडले. अंगणात टेकूला दोन लाकडी घोडे मांडले, वर उरलेल्या सळयांमधे होतं तेवढ्याच अंतरावर. त्यावर तसाच नळ ठेवला, जोड मधोमध. पाणी भरलं. काही झालं नाही. अण्णांनी मिशीवर हात फिरवला. मग पंपानं दाब वाढवला, तसा नळ मधे बोटभर वाकला, जोडानं तोंड उघडलं आणि पाण्याच्या फवाऱ्यात पूजेची झेंडूची फुलं अण्णांच्या अंगावरून वाहून गेली.

मुहूर्त हुकला. दुपारी अण्णांनी यंत्र बाजूला सरकवलं आणि स्वतः नव्या सळया उचलून आणल्या. मिस्त्री त्या आवळत असताना ते पुटपुटले, "आणि जोड टिकला असता तर?"

"तर सगळ्यांसमोर माफी मागितली असती, अण्णा. पण बायकांना खाली बसवून नसतं बघितलं."

तात्पर्य: ताकद ओझं पडल्यावरच कळते, पण ती अजमावायला दुसऱ्याचा जीव खाली ठेवू नये, आणि कुणी ठेवू लागला तर तो मालक असला तरी त्याला तोंडावर नाही म्हणावं.