जुळ्यांची निकाली कुस्ती

“कुस्ती मारली मी, आणि हार त्याच्या गळ्यात... हे कसं काय, वस्ताद?”

हिंदुराव वस्ताद तालमीतल्या मातीच्या हौदाच्या काठावर बसून भिजवलेले बदाम सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जत्रेतलं पावणं ते. त्यास्नी वळख पटली नसंल.”

“कुणालाच पटत न्हाई!” अंकुश भडकला.

भडकणारच. जुळं झालं की एकाला लहू म्हणायचं नि दुसऱ्याला अंकुश, ही आपल्याकडची जुनी रीत. ती ह्या दोघांनाही चुकली नव्हती. गावानं तर दोन्ही नावं एकात कालवून टाकली होती. येणारा कुणी का असेना, ‘लहूअंकुश आला’ म्हणायचं नि मोकळं व्हायचं. अंकुशनं वेगळं दिसावं म्हणून मिशी राखली, तर लहूनंही कौतुकानं तशीच राखली. वैतागून काढून टाकली, तर लहूही दुसऱ्या दिवशी सफाचट.

“मग तुला काय पायजे?” वस्तादांनी विचारलं.

“लहूसंगं कुस्ती. निकाली. समद्या तालमीम्होरं.”

वस्तादांचा हात थांबला. सख्ख्या भावांनी सरावाला एकमेकांना हवं तितकं धरावं, पण पाठ मातीला लावून निकाल करायचा नाही, असा ह्या तालमीचा दंडक होता.

“दंडक हाय, पोरा...”

“दंडक तुमचा. नाव माझं हाय, वस्ताद. लावायची नसंल तर आजच तालीम सोडतो.”

वस्तादांपुढं असं बोलायची कुणाची छाती नव्हती. हौदात जोर मारणारे पैलवान जागच्या जागी थांबले.



वस्तादांनी बदामाची वाटी बाजूला ठेवली.

“लहू, लंगोट कस.”

लहू आला. माती कपाळाला लावून भावासमोर उभा राहिला.

“अंक्या, जाऊ दे की. कशाला हे?”

“शड्डू ठोक.”

दोघं भिडले. एकानं पट काढायला झेप घ्यावी, तर दुसऱ्याचा पाय आधीच मागं गेलेला. डाव सुचायच्या आधीच समोरच्याला कळत होता. बघणाऱ्यांच्या माना दुखायला लागल्या, तरी कुणी कुणाला हलेना. आणि मग एकाएकी अंकुशचा डाव लागला, ढाक बसली. लहू उताणा मातीत पडला, दोन्ही खांदे टेकून.

“चितपट!”

तालीम दणाणली. पोरांनी अंकुशला खांद्यावर घेतलं. “अंकुश! अंकुश!” नुसतं अंकुश. मागं-पुढं कुणाचं नाव नाही. ह्याच आरोळीसाठी तो जन्मभर तळमळत होता.

त्यानं खांद्यावरून खाली उडी टाकली.

“गप बसा! मी मारली न्हाई ही कुस्ती. हा पडला. मुद्दाम पडला!”

“याड लागलं का तुला?” एक थोराड पैलवान म्हणाला. “आम्ही काय डोळं मिटून बसलो हुतो? ढाक साफ बसली की.”

“न्हाई बसली!”

लहू खाली बघत अंगावरची माती झाडत होता. “मारलीस तू, अंक्या. घे की आता पदरात.”

“भीक घालतोस व्हय मला?” अंकुशच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. “असल्या लुटुपुटीच्या, नुरा कुस्तीचं नाव मला नको. ऊठ. खरा लढ. मला पाड, हाडं मोड, पण खरा लढ!”

लहू तसाच माती झाडत राहिला.

सगळे वस्तादांकडं बघायला लागले. शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

वस्ताद हौदात उतरले. मूठभर माती उचलून त्यांनी अंकुशच्या धपापत्या छातीला चोळली... सावकाश.

“ह्या मातीत माझं क्यास पांढरं झालं,” ते म्हणाले. “ढाक बसली, लहू पडला. मला एवढंच दिसलं.”

“पर तो मुद्दाम पडला, वस्ताद! आईशप्पत!”

“आसंल...”

वस्तादांनी एकदा लहूकडं बघितलं, मग अंकुशच्या डोळ्यांत.

“मला न्हाई दिसलं, ते तुला रं कसं दिसलं?”