तेवेतची दहावी

कुणाला आज त्या गावाचा पत्ता सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळी खाडीकाठी यहुदी कुटुंबांची एक लहानशी वस्ती होती. तिथं एलोजी आणि हसाजी हे सख्खे भाऊ राहत. दोघांची शेतं लागून होती आणि खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांधही एकच होता. पण वडील गेल्यावर बैलजोडीवरून भांडण झालं आणि बोलणं तुटलं. तेव्हा पंचांनी बांधाची अर्धी राखण एकाला, अर्धी दुसऱ्याला नेमून दिली.

तेवेत महिना आला. यहुदी पंचांगातला हा ऐन थंडीतला महिना. त्याच्या दहाव्या दिवशी वस्ती उपास करी, कारण फार पूर्वी याच दिवशी शत्रूच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातला होता.

प्रार्थना संपल्यावर एलोजीनं वस्तीतल्या वृद्ध शलोमबाबांना विचारलं, "बाबा, त्या दिवशी तटाचा एक दगडही पडला नव्हता. मग उपास कशाचा?"

"शहर पडलं त्याचा उपास निराळा," बाबा म्हणाले. "हा पहिल्या दिवसाचा. तेव्हा अजून काही करता आलं असतं."

एलोजीनं मान डोलावली आणि बांधावरून घरची वाट धरली.

हसाजीच्या बाजूला त्याला खेकड्यानं पाडलेलं भोक दिसलं. पाणी नुसतं झिरपत होतं. दोन ओंजळी चिखल लिंपला असता तरी भागलं असतं. हसाजी चार दिवस तापानं अंथरुणाला खिळून आहे, हेही एलोजीला ठाऊक होतं. तो थोडा वेळ तिथं उभा राहिला.

"त्याची बाजू, तो बघेल," असं मनाशी म्हणून तो पुढं गेला. संध्याकाळी तारे दिसल्यावर त्यानं उपास सोडला.

पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती आली. एलोजीच्या दारात हसाजीची बायको मिल्काबाई धापा टाकत उभी राहिली.

"भावजी, बांध खचतोय. ते अंगात ताप असताना एकटेच पेंढा घेऊन पाण्यात उतरलेत. चला."

या वेळी एलोजी धावला. पण तो पोचेपर्यंत भोकाचं भगदाड झालं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर बांध फुटला आणि दोन्ही शेतांत खाडी शिरली. ओहोटी लागल्यावर लोकांनी हसाजीला चिखलातून बाहेर काढलं. त्याचा श्वास केव्हाच थांबला होता.

सात दिवस घर दुखवट्यात बसलं. एलोजीला कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला काही माहीत नव्हतं. सातव्या दिवशी तो मिल्काबाईसमोर जमिनीवर बसला.

"ते भोक मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"उपासाच्या दिवशी."

ती रडली नाही. तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि उंबऱ्याशी थांबून एवढंच म्हणाली, "भावजी, ते तुमची वाट बघत होते. पाण्यात उतरताना म्हणाले, दादाला बोलाव, तो येईल."

मग ती माहेरी निघून गेली आणि पुन्हा त्या वस्तीत आली नाही. दोन्ही शेतं मिठानं पांढरी पडली. पुढं कित्येक वर्षं तिथं दाणा उगवला नाही.

तात्पर्य : संकट लहान असताना जो पाठ फिरवतो, त्याला ते मोठं झाल्यावर धावूनही उपयोग होत नाही.