पहिल्या नंबरचं कार्ड

"पण पहिलं कोण, हे ठरतं कसं?" मठाच्या केवलगिरीबाबांनी विचारलं.

मठाच्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या हेरंबला हसू आलं. असल्या कामात आपला हात धरणारं कोणी नाही, याची त्याला खात्री होती. मठात तो सेवेला म्हणून यायचा आणि चार गोष्टी शिकवून जायचा.

त्याने बाबांना समजावलं. लिनक्सवर चालणाऱ्या या कॉम्प्युटरला आवाजाची दोन कार्डं. एक आतलं, त्याला टेबलावरचा छोटा स्पीकर. दुसरं बाहेरून जोडलेलं, त्याला सभामंडपातले कर्णे. सुरू होताना जे आधी जागं होईल ते पहिल्या नंबरवर बसतं, आणि आवाज जातो पहिल्या नंबरकडेच. म्हणून भजन कधी मंडपात वाजतं, कधी इथल्या इथे टेबलावर.

"आता ती भानगड मिटवली. पहिला नंबर कायमचा बाहेरच्याला. आतल्यानं दुसऱ्यावरच थांबायचं."

बघू या म्हणून त्याने एक भजन लावलं. मंडप भरून गेला. आवाज मुकुलचा होता, त्याच्या धाकट्या भावाचा, याच मठात रेकॉर्ड केलेला. हेरंबचा हात माउसवरच राहिला. फार आठवण यायची त्याला मुकुलची... जेवताना, गाडी चालवताना, उगाचच.

"बोलतो का तो?"

"नाही. वडिलांच्या आजारपणात वाजलं आमचं. तेव्हापासून नाही."

"आणि तू?"

"आधी त्यानं बोलावं. मी थोरला आहे, बाबा."

बाबा उठले. बाहेरच्या कार्डाची वायर त्यांनी काढून घेतली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

हेरंबने केला. तेच भजन लावलं. पडद्यावर भजन पुढे सरकत होतं, पण मंडप गप्प. टेबलावरचा छोटा स्पीकरही गप्प.

"बिघडलं?"

"नाही. आवाज पहिल्या नंबरकडे जातोय. ती जागा मी बाहेरच्यासाठी राखून ठेवलीय, आणि ते..." हेरंब अडखळला. "ते आता इथं नाही."

"आतलं कार्ड?"

"त्याला काही झालेलं नाही."

भजन आवाजाविना चालूच होतं. मुकुलचा तो आवाज कानावर पडावा म्हणून हेरंबचा जीव कासावीस झाला. वायर मागायला त्याने हात पुढे केला. बाबांनी ती दिली नाही.

"धडधाकट आहे ना ते... मग कुणाची वाट बघत बसलंय?"