पेटीतला पितळी पोपट

फार फार जुनी गोष्ट आहे ही; तिच्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात एक कसबी कारागीर होता. किल्ली दिली की बोलणारे पितळी पोपट तो घडवायचा. दरवर्षी जत्रेला त्याचा नवा पोपट पालखीतून यायचा आणि लोक वेडे व्हायचे.

सटवाजी नावाचा विणकरही एका वर्षी असाच भुलला. वडिलांच्या हातचा माग त्याने कापडाच्या व्यापाऱ्याला विकला आणि पोपट घरी आणला.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, त्या मागावर आपली चूल पेटत होती!"

"अगं, तांब्याचा हंडा वीस वर्षांनीही मोल देतो. हा तर पालखीतला पोपट! जपून ठेवू, पुढच्या जत्रेत विकू. माग परत येईल, वर एक शेळीही."

त्याने पोपट मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवला. लेक विनवायची, "बाबा, एकदाच बोलू द्या ना त्याला!" पण सटवाजीने कंबरेची किल्ली सोडली नाही. वर्षभर त्याने लोकांची ओझी वाहिली. लेकीला नाही म्हणताना बिचाऱ्याचा जीव तुटायचा.

पुढची जत्रा आली. पालखीतून या खेपेला गाणारा पोपट आला.

"एकदाही किल्ली दिलेली नाही हो! कोरा करकरीत आहे!" सटवाजी ओरडत राहिला. लोक बघून पुढे जात.

शेवटी तो कारागिराकडे गेला. "तुम्हीच घडवलाय, तुम्ही तरी परत घ्या."

कारागीर हळहळला. "याच्या चाकांचे साचे मी केव्हाच मोडले, बाबा. उद्या हा बिघडला तर मलाही दुरुस्त करता यायचा नाही. लोकांना ते ठाऊक आहे."

"पण हा बिघडलेला नाही!"

"नाहीच. पण नवा आला, त्या दिवशी हा जुना झाला."

तांबट तेवढा घ्यायला तयार होता, पण मोडीच्या भावाने. सटवाजी पोपट घेऊन घरी परतला आणि त्याने किल्ली लेकीच्या हातात दिली. पोपट म्हणाला, "या, बसा." लेक टाळ्या पिटत हसली. सटवाजीला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून तो व्यापाऱ्याकडे मजुरीने विणायला जाऊ लागला. माग त्याच्या वडिलांचाच होता. कापड मात्र परक्याचं होतं.

बोध: जिचं मोल नवेपणात असतं, ती वस्तू पेटीत ठेवली तरी जुनी होते, ती वापरण्यासाठी घ्यावी, पुंजी म्हणून नव्हे.