ठकूच्या वाट्याचा गाळ

या बांधावर, पण जपून. तुमच्या शहरातल्या चपला इथं टिकायच्या नाहीत. हे समोर दिसतंय ते ठकूचं तळं. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाव गाळ काढायला उतरतं. ज्याचा मळा मोठा, त्यानं जास्त पाट्या वाहायच्या. ज्याला शेतच नाही, त्यानं ओंजळभर गाळ बांधावर टाकला तरी त्याचा वाटा झाला. ही रीत कशी पडली, ते आमचे वडीलधारे सांगत आले आहेत.

पूर्वी म्हणे घरटी एक माणूस असा नेम होता. ऐकायला किती सरळ वाटतं! हैबती पाटलाचा ऊस, केळी, पानमळे. तळ्याचं निम्म्याहून जास्त पाणी त्याच्याच शेतात जाई. तरी त्याच्या घरातून एकच गडी येई. गावाबाहेरच्या झोपडीत गोजरा नावाची विधवा राहायची. तिच्याकडे वीतभर जमीन नव्हती, पण तिच्याही घरातून एक माणूस द्यावाच लागे. एका साली ती तापानं फणफणली. घरात उरली लेक, ठकू. गोजरानं पाटलापुढं पदर पसरला.

"पाटील, यंदा आमचं घर सोडा. पोर ल्हान हाय."

"नेम सगळ्यांना सारखा. तुला सोडलं तर उद्या सगळंच गाव मागं लागंल."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच दुपारी गाळाची दरड कोसळली आणि ठकू तिच्याखाली गेली. तिच्या वाट्याच्या पाट्या अर्ध्याच झाल्या होत्या.

त्यानंतर भर दुपारी, तळ्यात चिटपाखरू नसताना, कुदळीचा आवाज येऊ लागला असं सांगतात. दमलेला, थांबत थांबत येणारा. गोजरा बांधावर बसून ऐकायची. "मेल्यावरबी माझ्या लेकीला सुटका न्हाई," एवढंच म्हणायची. पावसाळ्यात तळं भरलं, तरी आवाज पाण्याखालून येतच राहिला. पाटाचं पाणी पाटलाच्या मळ्यात शिरलं की त्याबरोबर तो पानवेलींपर्यंत पोचायचा. गड्यांनी कामं सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतः गोजराच्या दारात गेला. म्हणाला, "काय देऊ ते सांग. शेत देतो."

"शेत नगं मला. माझी लेक ह्या तळ्याचं घागरभर पाणी प्याली. तेवढाच तिचा गाळ. बाकीचा तुमचा हाय, तुमी काढा. तिला मोकळी करा."

पाटील तळ्यात उतरला. हात सोलवटले, तरी त्यानं गड्याला पाटी उचलू दिली नाही. त्याच्या मळ्यांना जेवढं पाणी लागे त्या हिशेबानं गाळ निघाला, तेव्हा कुठं आवाज थांबला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. गोजरा मात्र ऊर फुटेस्तोवर रडली, कारण लेकीचं तेवढंच काय ते उरलं होतं. मला या गोष्टीत सगळ्यांत वाईट तिच्या त्या रडण्याचं वाटतं.

आजही गाळ काढताना भर दुपारी सगळ्या कुदळी थांबतात आणि गाव कान देऊन उभं राहतं. सहसा काही ऐकू येत नाही. गेल्या साली मात्र आलं. मी इथंच उभा होतो. कुणाचा वाटा राहिला, हे कुणीच विचारलं नाही. मोठ्या मळ्यांचे मालक एकमेकांकडे न बघता पुन्हा तळ्यात उतरले.